बरोबरी झाली की शेवटच्या किकला शिव्या कशाला?

रग्बीची मॅच बरोबरीत सुटली की पुढच्या दहा मिनिटांत लोक काय बोलणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. शेवटची किक कोणी मारली, का मारली, रेफ्रीनं शिट्टी का फुंकली किंवा का नाही फुंकली. आधीच्या अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा विषयच निघत नाही. पुण्यात रग्बी बघणारी मंडळी मोजकी. कॉलेजात सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी) खेळलेली मुलंमुली, खडकी-दिघीकडची फौजेतली माणसं, इंग्लंड नाहीतर न्यूझीलंडला दोन-चार वर्षं काढून परत आलेली आयटीवाली. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडायला तेवढी पुरतात. त्यात घरातला एखादा क्रिकेटवाला पाणी प्यायला उठतो आणि दारातूनच विचारतो, "मग आता सुपर ओव्हर नाही का?"

नाही. लीगमध्ये, सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा), दोन देशांच्या नुसत्या टेस्ट मॅचमध्ये बरोबरी म्हणजे बरोबरी. दोघांनी आपापल्या घरी जायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बरोबरी शेवटच्या मिनिटाला दिसते, पण घडते बरीच आधी. प्रेक्षक चिडतात ते बहुतेक वेळा बरोबर गोष्टीवर चिडतात, पण चुकीच्या क्षणाकडे बोट दाखवतात. तीन-चार मॅच घेऊन बघू.

त्याआधी नव्या माणसासाठी गुण: बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यानंतर खांबांमधून मारायची किक म्हणजे कन्व्हर्जन, दोन. समोरच्यांनी नियम मोडल्यावर मिळालेली पेनल्टी खांबांमधून मारली, किंवा चालू खेळात बॉल टप्पा पडताच मारून ड्रॉप गोल केला, तर तीन.

सगळ्यात गाजलेली लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावरची, १९ नोव्हेंबर २०२२. इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड, आपल्याकडे रात्री अकराला सुरू. मध्यंतराला न्यूझीलंड १७–३. पुढे इंग्लंडची एक पेनल्टी, मग रिको इओआनेचा ट्राय, मग बोडन बॅरेटचा ड्रॉप गोल. २५–६. घड्याळात दहाएक मिनिटं उरलेली. पुण्यातल्या निम्म्या लोकांनी इथे लॅपटॉप मिटला असणार. त्यानंतर विल स्टुअर्टचा ट्राय, फ्रेडी स्टुअर्डचा ट्राय, परत विल स्टुअर्टचा ट्राय. मार्कस स्मिथचं कन्व्हर्जन आत आणि २५–२५. किक-ऑफनंतर बॉल इंग्लंडच्या हातात आला, घड्याळ ८० च्या पुढे गेलं आणि स्मिथनं बॉल सरळ मैदानाबाहेर मारला. खेळ खलास. एकोणीस गुणांची पिछाडी भरून काढणाऱ्या आपल्याच संघाची ट्विकनहॅमच्या लोकांनी हुर्यो उडवली.

आता त्या किकचा विचार करू. रग्बीत ८० मिनिटं झाली की खेळ लगेच थांबत नाही. बॉल डेड होईपर्यंत चालू राहतो. बॉल मैदानाबाहेर गेला, नॉक-ऑन झाला (हातून पुढे सुटला), की संपलं. पण रेफ्रीनं पेनल्टी दिली तर ती पेनल्टी खेळली जाते. २०१७ पासून तर ती पेनल्टी टचबाहेर (बाजूच्या रेषेपलीकडे) मारून लाइनआउटही, म्हणजे रेषेवरून बॉल आत फेकून नवी सुरुवातही, घेता येतो, वेळ संपली असली तरी. म्हणजे स्मिथपुढे दोन वाटा होत्या. बॉल बाहेर मारायचा आणि बरोबरी खिशात घालायची, किंवा स्वतःच्या अर्ध्यातून बॉल हातात ठेवून पुढे सरकत राहायचं.

दुसरी वाट सोपी वाटते ती टीव्हीवर. प्रत्येक टॅकलनंतर रक होतो, म्हणजे खाली पडलेल्या बॉलवरून दोन्हीकडची माणसं एकमेकांना रेटतात, आणि रकमध्ये बॉल असलेल्या संघाला पेनल्टी लागण्याच्या निदान तीन जागा असतात. खाली पडलेल्यानं बॉल वेळेत सोडला नाही. मदतीला आलेला बाजूनं आत शिरला. किंवा आलेला माणूस पायांवर न राहता बॉलवर आडवा झाला. दमलेल्या पायांनी सातवा-आठवा रक करताना यातलं काही ना काही होतंच. आणि पेनल्टी मध्यरेषेच्या आसपास लागली की समोरच्याकडे तिथून मारणारा माणूस असतोच. म्हणजे जिंकण्यासाठी स्मिथला पन्नास मीटर स्वच्छ खेळायचं होतं, हरण्यासाठी एक चूक पुरली असती. विरोधी मुद्दाही दमदार आहे: बोडन बॅरेट पिवळं कार्ड घेऊन बाहेर बसला होता, न्यूझीलंडचे चौदाच होते, आणि इंग्लंडनं नऊ मिनिटांत तीन ट्राय केले होते. चौदा माणसांना सत्तर मीटर रुंदी झाकता येत नाही, कुठेतरी कडेला जागा सापडतेच.

तरी मला स्मिथचं पटतं. हुर्यो त्याच्या किकला मिळाली, पण ती खरं तर आधीच्या सत्तर मिनिटांसाठी होती. सत्तर मिनिटं इंग्लंडकडे दोन पेनल्टींपलीकडे काही नव्हतं. शेवटी खेळ सापडल्यावर लोकांना वाटलं, आत्ता कुठे सुरुवात झाली आणि यांनी दुकान बंद केलं. राग तिथला. पुढे ६ डिसेंबरला प्रशिक्षक एडी जोन्स यांना काढलं, ते या एका बरोबरीमुळे नव्हे. त्या मोसमात अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका दोघांनीही ट्विकनहॅमवर येऊन इंग्लंडला हरवलं होतं.

आता त्याच मॅचचे गुण फोडून बघा. न्यूझीलंड: तीन ट्रायचे १५, दोन कन्व्हर्जनचे ४, एक पेनल्टी ३, एक ड्रॉप गोल ३. इंग्लंड: तीन ट्रायचे १५, दोन कन्व्हर्जनचे ४, दोन पेनल्टी ६. दोघांचे ट्राय सारखे, कन्व्हर्जन सारखी, आणि दोघांचं एकेक कन्व्हर्जन हुकलेलं. न्यूझीलंडचं हुकलं ते इओआनेच्या ट्रायवरचं: १७ वरून २२ झाले, २४ नाही. त्या वेळी इंग्लंडचे सहाच होते. कोणाला त्या दोन गुणांची पर्वा असणार? टीव्हीवर रिप्लेही धड दाखवत नाहीत. शेवटच्या शिट्टीला ते दोन गुण सगळ्या मॅचपेक्षा महाग झाले.

कन्व्हर्जन हुकतं का, हेही नव्या प्रेक्षकाला कोणी नीट सांगत नाही. ट्राय जिथे टेकवला, त्या जागेच्या सरळ रेषेतच मागे येऊन किक मारावी लागते. खांबांमधलं अंतर ५.६ मीटर, आडवा दांडा ३ मीटर उंच. ट्राय खांबांखाली असेल तर २२ मीटरवरून समोरचा कोन साधारण साडेचौदा अंशांचा मिळतो. ट्राय मध्यापासून ३० मीटर बाजूला, म्हणजे कोपऱ्याजवळ झाला, तर कितीही मागेपुढे झालात तरी जास्तीत जास्त कोन सव्वापाच-साडेपाच अंशांचा. तोही मिळतो तो जवळजवळ ३० मीटर मागे गेल्यावर, आणि तिथून खांबांपर्यंतचं अंतर बेचाळीस मीटर होतं. दहावीची भूमिती येत असेल तर वहीवर करून बघा. म्हणून खरे किकर थोडे कमीच मागे जातात. कोन थोडा अरुंद पडतो पण पायाला झेपतं. आणि म्हणूनच ट्राय करणारा माणूस गोललाइन ओलांडल्यावरही बॉल न टेकवता खांबांकडे पळतो. ते दोन-चार मीटर शोबाजी नसते. समोर कोणी नसताना कोपऱ्यातच डाइव्ह मारणाऱ्याला मात्र मी मनातल्या मनात शिव्या घालतो.

८ जुलै २०१७, ऑकलंडचं ईडन पार्क, न्यूझीलंड विरुद्ध ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ), तिसरी टेस्ट. मालिका १–१. आपल्याकडे शनिवार दुपारचा एक, जेवणाची वेळ. इथे प्रेक्षक वेगळ्याच कारणानं पेटले, आणि ते भांडण अजून विझलेलं नाही.

स्कोअर १५–१५. ओवेन फॅरेलनं नुकतीच पेनल्टी मारून बरोबरी साधलेली. न्यूझीलंडनं पुन्हा किक-ऑफ केला. उंच आलेल्या बॉलसाठी लायन्सचा लियम विल्यम्स आणि न्यूझीलंडचा कर्णधार कीरन रीड एकत्र उडाले. बॉल विल्यम्सच्या हातून पुढे सुटला आणि त्याच्या पुढे उभ्या असलेल्या केन ओवेन्सकडे गेला. ओवेन्सनं तो क्षणभर हातात घेतला, आपण कुठे उभे आहोत हे लक्षात आल्यावर सोडून दिला आणि हात वर केले. रेफ्री रोमँ प्वात यांनी आधी पेनल्टी दिली. जागा अशी की बोडन बॅरेटनं तिथून मारली असती आणि मालिका न्यूझीलंडची. मग रीडची हवेतली उडी नियमात होती का, हे बघायला व्हिडिओ मागवला. उडी ठीक निघाली. परत आल्यावर प्वात यांनी पेनल्टी बदलून स्क्रम (दोन्हीकडच्या आठ-आठ जणांची रेटारेटी) दिला. स्क्रममधून काही निघालं नाही. १५–१५, मालिका बरोबरीत.

नियम असा. सहकाऱ्याच्या हातून बॉल पुढे सुटला आणि ऑफसाइड, म्हणजे त्याच्या पुढे, उभ्या माणसानं तो खेळला, आणि त्यामुळे समोरच्या संघाची संधी गेली, तर पेनल्टी. ऑफसाइड माणसाला बॉल टाळताच आला नाही, नुसता येऊन आदळला, तर ते अपघाती ऑफसाइड. त्याच्या संघाला फायदा झाला तर समोरच्यांना स्क्रम. सगळं भांडण ओवेन्सच्या हातांवर. न्यूझीलंडवाले म्हणतात, हात पुढे करून धरला म्हणजे खेळला. लायन्सवाले म्हणतात, तोंडावर येणारा बॉल कोणीही प्रतिक्षिप्तपणे धरतो, आणि त्यानं लगेच सोडला. न्यूझीलंडवाल्यांची दुसरी तक्रार जास्त सबळ आहे: व्हिडिओ मागवला होता उडीसाठी, ऑफसाइडचा निर्णय त्या निमित्तानं का बदलला?

मला ती पेनल्टी वाटते. ओवेन्सनं बॉल धरला होता, दोन्ही हातांनी. पण मग हेही बघा. त्या मॅचमध्ये न्यूझीलंडचे ट्राय दोन आणि लायन्सचा एकही नाही. लायन्सचे पंधराच्या पंधरा गुण पेनल्टीचे: चार फॅरेलच्या, एक एलियट डेलीची, तीही मध्यरेषेजवळून. न्यूझीलंडनं पहिल्या अर्ध्यात १२ केले ते सात आणि पाच असे. जॉर्डी बॅरेटच्या ट्रायचं कन्व्हर्जन हुकलं होतं. एका अर्ध्यात हुकलेले दोन गुण आणि पाच वेळा स्वतःहून दिलेली पेनल्टी. प्वात यांचा निर्णय त्यानंतर येतो. चषक घेताना दोन्ही कर्णधार, रीड आणि सॅम वॉरबर्टन, एकत्र उभे राहिले. स्टेडियममध्ये मात्र टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना.

इटलीवाल्यांची गोष्ट यापेक्षा करुण. २५ फेब्रुवारी २०२४, फ्रान्समधलं लील, फ्रान्स विरुद्ध इटली. पॅरिसचं स्टेडियम ऑलिंपिकच्या तयारीत अडकलेलं म्हणून फ्रान्सच्या घरच्या मॅच इकडेतिकडे. फ्रान्सच्या जोनाथन दाँतीला मध्यंतराच्या तोंडावर लाल कार्ड. दुसरा अर्धा भाग फ्रान्स चौदा जणांत. तरी १३–६ अशी आघाडी शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली. मग आंजे कापुओझोचा ट्राय, पाओलो गारबिझीचं कन्व्हर्जन, १३–१३. आणि वेळ संपल्यावर इटलीला पेनल्टी. सिक्स नेशन्समध्ये इटली फ्रान्सच्या घरी कधीच जिंकलेली नव्हती.

पेनल्टी मारायला ६० सेकंद मिळतात, आणि ते घड्याळ टीव्हीवर दिसतं. गारबिझीनं बॉल टीवर (बॉल उभा करायच्या छोट्या बैठकीवर) ठेवला, मागे गेला, आणि बॉल कलंडला. घड्याळ थांबत नाही. तो परत आला, बॉल पुन्हा उभा केला, आणि मागे जाऊन श्वास घेण्याइतका वेळ उरला नसल्यामुळे घाईत मारला. बॉल खांबावर आपटला. बरोबरी.

इथे सोप्या वाटणाऱ्या दोन गोष्टी बारकाईनं बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे टी. प्लास्टिकची किंवा रबरी, हलकीशी वस्तू, आणि त्यावर लंबगोल बॉल टोकावर, थोडा पुढे झुकवून. दर किकरचा झुकाव वेगळा. टीचे पाय गवतात सगळे सारखे टेकले नाहीत, किंवा बॉलची शिवण कडेवर बसली, की तो आधी उभा राहतो आणि पाच-सात सेकंदांनी हळूच कलंडतो. म्हणून चांगले किकर ठेवल्यावर लगेच हात काढत नाहीत. बोटं सैल करून क्षणभर थांबतात, मग उठतात. दुसरी गोष्ट विरोधी खेळाडूंची. पेनल्टीच्या वेळी त्यांनी दहा मीटर मागे, हात खाली ठेवून, न हलता उभं राहायचं असतं. किकर पळायला लागला तरी. कन्व्हर्जनच्या वेळी मात्र किकर हलला की अंगावर धावून जाता येतं. बॉल कलंडला तेव्हा फ्रेंच खेळाडू पुढे सरकलेले दिसत होते, आणि किक पुन्हा द्यायला हवी होती हा इटलीच्या पाठीराख्यांचा मुद्दा तिथून आला. तो नियमाला धरून आहे. विरोधकांनी नियम मोडला आणि किक हुकली, तर दहा मीटर पुढून दुसरी पेनल्टी मिळते.

पण गंमत बघा. स्टेडियममध्ये शिट्ट्या खाल्ल्या त्या फ्रान्सनं, घरच्याच लोकांच्या. आणि इटलीवाले रडले, चिडले, पण पुढच्या तीन आठवड्यांत त्यांचा सूर बदलला. पुढच्या दोन मॅचमध्ये त्यांनी रोममध्ये स्कॉटलंडला आणि कार्डिफमध्ये वेल्सला हरवलं. दोन विजय, एक बरोबरी; इतका चांगला सिक्स नेशन्सचा मोसम त्यांनी आधी कधी बघितला नव्हता. बरोबरीला लोक काय म्हणतात हे गुणफलकावर कमी आणि मॅचआधी काय धरून बसले होते त्यावर जास्त ठरतं.

कलकत्ता कप २०१९, म्हणजे इंग्लंड–स्कॉटलंडची मॅच, थोडक्यात सांगतो, कारण आकडेच पुरेसे आहेत. इंग्लंड ३१–०. मग स्कॉटलंडचे सलग ३८ गुण: सहा ट्राय, चार कन्व्हर्जन. स्कॉटलंड ३८–३१ पुढे. मग वेळ संपल्यावर जॉर्ज फोर्डचा ट्राय आणि त्याचंच कन्व्हर्जन. ३८–३८. आदल्या वर्षी स्कॉटलंड जिंकलं होतं आणि बरोबरीत कप आधीच्या धन्याकडेच राहतो, त्यामुळे कप एडिनबराला गेला. तरी स्कॉटलंडचे लोक त्या रात्री आनंदात होते की दुःखात, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हा कप आपल्याकडचाच: कलकत्ता फुटबॉल क्लब बंद झाला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला, तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ साली त्यासाठी पहिली मॅच झाली. तीही बरोबरीतच सुटली होती.

२०२० च्या ऑक्टोबरात वेलिंग्टनला न्यूझीलंड–ऑस्ट्रेलिया १६–१६ झाली, त्यात ऑस्ट्रेलियाच्या रीस हॉजची लांबलचक पेनल्टी खांबाला लागली आणि ऐंशीनंतरही आठेक मिनिटं दोन्ही संघ बॉल सोडायला तयार नव्हते. शेवटी जेम्स ओकॉनरनं बॉल बाहेर मारला. स्मिथनं जे केलं तेच त्यानंही केलं, पण आठ मिनिटं झुंजून. म्हणून त्याला कोणी फारसं बोललं नाही.

आता मॅच बघताना करायची एक गोष्ट. शाळेची साधी वही घ्या, पानावर सहा रकाने आखा: मिनिट, काय झालं, कुठे झालं, कन्व्हर्जन आत की बाहेर, पेनल्टीचं काय केलं, कार्ड. "कुठे" मध्ये ट्राय मध्यापासून साधारण किती मीटर बाजूला झाला ते लिहा. खांबांमध्ये, पंधरा मीटरच्या तुटक रेषेच्या आत, की कोपऱ्यात, एवढं पुरे. पेनल्टीच्या रकान्यात चारच अक्षरं: गो (गोल), ट (टच), टॅ (टॅप, म्हणजे बॉलला पाय लावून लगेच खेळणं), स्क्र (स्क्रम). कार्डाच्या रकान्यात माणूस बाहेर गेला ते मिनिट आणि परत आला ते मिनिट. पिवळ्या कार्डाची दहा मिनिटं खेळाच्या घड्याळाची असतात, भिंतीवरच्या घड्याळाची नव्हेत. मधे व्हिडिओ बघणं, दुखापत असं काही झालं तर ती लांबतात, आणि "अजून कसा आत आला नाही" म्हणून ग्रुपवर ओरडणारे निम्मे लोक इथेच फसलेले असतात.

बरोबरी झाली की वहीतली दोन गोष्टींची बेरीज करा. हुकलेले दोन, म्हणजे गेलेली कन्व्हर्जन. आणि नाकारलेले तीन, म्हणजे गोलच्या टप्प्यातली पेनल्टी असूनही टचला मारून लाइनआउट घेतलेला. दुसऱ्याचा हिशेब सरळ नाही. त्या लाइनआउटमधून ट्राय आणि कन्व्हर्जन झालं तर संघानं चार गुण जास्तीचे कमावले. काहीच निघालं नाही तर तीन घालवले. म्हणून नुसतं "तीन घ्यायला हवे होते" म्हणू नका, पुढे काय झालं तेही त्याच ओळीत लिहा. पाच मीटरवरच्या लाइनआउटमधून बॉल चोरीला गेला असेल तर त्याच्याखाली दोन रेघा मारा.

एक सावधगिरी. "ते कन्व्हर्जन आत गेलं असतं तर जिंकलो असतो" हे वाक्य वहीतून निघत नाही. २०२२ ला न्यूझीलंडचं ते कन्व्हर्जन आत जाऊन शेवटी २७–२५ असते, तर स्मिथनं बॉल बाहेर मारलाच नसता. स्वतःच्या गोललाइनवरून का होईना, खेळला असता. गुण बदलले की पुढचा प्रत्येक निर्णय बदलतो. वही दाखवते ती दाब कुठून आला ती जागा.

बघण्याबद्दलही थोडं. हिवाळ्यात ब्रिटनची दुपारी सव्वातीनची मॅच आपल्याकडे पावणेनऊला, साडेपाचची अकराला. न्यूझीलंडच्या हिवाळ्यातली संध्याकाळची मॅच आपल्या दुपारी. मोबाइलवरचं प्रक्षेपण प्रत्यक्षाच्या अर्धा-एक मिनिट मागे असतं, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाचं मागेपण वेगळं. सत्तराव्या मिनिटाला ग्रुप म्यूट करा, नाहीतर शेवटची किक हवेत असतानाच औंधातला कोणीतरी "खांब!!!" लिहून मोकळा होतो. हेडफोन लावा. रेफ्रीच्या गळ्यातला माइक चालू असतो, आणि व्हिडिओ मागवताना तो नेमका काय प्रश्न विचारतो हे ऐकलं की निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतात. प्वात यांच्या निर्णयावर मत देणाऱ्या बऱ्याच जणांनी वीस सेकंदांची क्लिप बघितलेली असते, आणि त्यात प्रश्नच नसतो.

पुण्यातल्या मुलामुलींनी जे रग्बी हातानं खेळलंय ते बहुतेक सेव्हन्स. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिज भरुचा पुण्याचीच. सेव्हन्समध्ये बरोबरीचा हिशेब वेगळा, म्हणून त्यांचं आणि टीव्हीवाल्यांचं कधीकधी जुळत नाही. सात-सात मिनिटांचे दोन भाग, कन्व्हर्जन टीवर ठेवून नव्हे तर ड्रॉप किकनं, तेही अर्ध्या मिनिटाच्या आत. पावसाळ्यात बॉल ओला, मैदान काळ्या मातीचं. ड्रॉप किकसाठी बॉल खाली सोडला की तो उसळायच्या ऐवजी चिखलात बसतो आणि पाय त्याच्यावरून जातो. अशा दिवशी खांबांखालून मारलेली कन्व्हर्जनसुद्धा हुकतात आणि १०–१० असे निकाल लागतात. गटात असेल तर गुण वाटून घ्यायचे. बाद फेरीत असेल तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि जो पहिला गुण करेल तो जिंकला.

पंधरा जणांच्या वर्ल्ड कपमध्ये बाद फेरीत बरोबरी चालत नाही. आधी दहा-दहा मिनिटांचे दोन जादा भाग. तरी बरोबरी, तर दहा मिनिटं पहिला गुण करणाऱ्याची. तरीही बरोबरी, तर किकची स्पर्धा: दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू, २२ मीटरच्या रेषेवरून, समोरून आणि दोन्ही बाजूंच्या १५ मीटरच्या रेषांवरून. वर्ल्ड कपमध्ये ती वेळ अजून आलेली नाही. क्लबच्या खेळात आली होती, २००९ च्या हाइनेकेन कपच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) सेमीफायनलला, कार्डिफ आणि लेस्टर २६–२६. आयुष्यभर स्क्रममध्ये डोकं घातलेल्या माणसांना खांबांसमोर उभं राहून किक मारायला लावली. कार्डिफचा फ्लँकर मार्टिन विल्यम्स चुकला, लेस्टरचा नंबर आठ जॉर्डन क्रेन मारून गेला, आणि दोन्हीकडचे लोक म्हणाले की यापेक्षा बरोबरी परवडली.